क्वालिटी काका आणि पहिल्या फेरीतली मुलगी

पाच वर्षं एका कारखान्यात काम केलं, पण ह्या माणसाने मला एकदाही 'चांगलं' किंवा 'वाईट' असं सरळ उत्तर दिलं नाही. एकदा मी डब्यात उपमा नेला होता. आग्रह करून वाढला आणि विचारलं, "कसा झालाय?" दोन घास खाल्ले, चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "पोचला." पोचला म्हणजे काय हो? उपमा आहे का कुरिअर? पण पुढे विचारायची सोय नाही. विचारलं की मान तिरकी करून आपल्याकडेच बघत राहणार, जणू आपणच काहीतरी लपवतोय.

२०१२ साली मी इथे परदेशात पेनरोजच्या एका पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात प्लॅनिंगला लागले, तेव्हा हे गृहस्थ तिथे क्वालिटीत, म्हणजे माल तपासणीत, होते. पंचावन्नच्या आसपासचे, मूळचे खडकीचे, काटकुळे. मिशी अशी कातरलेली की पट्टी लावून बघावं. कारखान्यात सेफ्टी बूट, पण गेटाच्या बाहेर पाऊल पडलं की जॅन्डल्स, म्हणजे रबरी चपला, मग इथल्या जुलैची थंडी का असेना. भेटेल त्याला 'किआ ओरा', म्हणजे इथला माओरी नमस्कार. गोऱ्या मॅनेजरला किआ ओरा, फोर्कलिफ्टवाल्या सामोअन पोराला किआ ओरा, आणि चिंचवडला फोन लावून स्वतःच्या सासूबाईंनाही किआ ओरा. त्या बिचाऱ्या म्हणायच्या, "जावईबापू, घसा बसलाय का?"

माणसांना नावाने हाक मारणं त्यांना माहीत नव्हतं. मी 'प्लॅनिंग', स्टोअरवाला 'स्टोअर', आणि खुद्द मालक आला की 'मालकीहक्क'. माझी मुलगी गार्गी त्यांना क्वालिटी काका म्हणायची. मीही पाठीमागे तेच म्हणायचे. तोंडावर म्हटलं असतं तर लगेच तपासणी झाली असती, की काका कोणत्या नात्याने.

आमच्याकडे मालावर तीन रंगांच्या चिठ्ठ्या लागायच्या. हिरवी म्हणजे पास, लाल म्हणजे नापास आणि पिवळी म्हणजे होल्ड. अजून ठरलेलं नाही, कोणी हात लावायचा नाही. ह्यांच्या शर्टाच्या खिशात कायम पिवळ्या चिठ्ठ्यांचं बंडल, आणि ते फक्त कारखान्यापुरतं नव्हतं! मी नवी गाडी घेतली, काचेवर पिवळी चिठ्ठी. त्यांच्या बायकोने पडदे बदलले, पडद्यावर पिवळी चिठ्ठी. आम्ही अवोन्डेलला घर घेतलं तेव्हा वास्तुशांतीला आले आणि दारावर एक चिकटवून गेले. माझ्या सासूबाई तेव्हा पुण्याहून आलेल्या. त्यांना वाटलं इकडची काही पद्धत असेल. त्यांनी त्या चिठ्ठीला हळदकुंकू वाहिलं आणि महिनाभर कोणाला काढू दिली नाही.

रविवारी अवोन्डेलच्या बाजारात ह्यांच्याबरोबर जाणं म्हणजे शिक्षा. कलिंगडावर टकटक, नारळावर टकटक, भोपळ्याला कान लावून टकटक. एक चिनी आजी भाजी विकायच्या, त्या ह्यांना लांबून बघूनच हसायला लागायच्या आणि स्वतःच कोबीवर टकटक करून दाखवायच्या. तासभर फिरून हा माणूस कोथिंबिरीची एक जुडी घ्यायचा. मी म्हटलं, "अहो, एवढं वाजवलंत, घ्या की एखादं कलिंगड!" तर म्हणाले, "वाजवलं म्हणजे घेतलंच पाहिजे असं कुठंय? त्याचं म्हणणं ऐकून घेतलं."

सगळे त्यांना हसायचे. मीसुद्धा. पण एक दिवस आठवतो तेव्हा हसू येत नाही. त्या दिवशी झाकणांचा एक मोठा लॉट मापात बसेना. नवीन इंजिनिअर पोरगा एकेक झाकण गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, घालून बघतोय आणि एकेक नापास होतंय. बाहेर ट्रक उभा, गिऱ्हाइकाचे फोनवर फोन. मॅनेजर म्हणाला लाल चिठ्ठ्या लावा, भंगारात काढा, नवा माल चालू करा. ह्यांनी सगळ्या पॅलेटना पिवळ्या लावल्या आणि समोर स्टूल टाकून बसले. मॅनेजर लालबुंद. मी पण चिडले, कारण तो ट्रक वेळेवर सोडणं माझं काम होतं. "काका, अहो गेजने सांगितलं ना नापास!" असं चक्क तोंडावर काका म्हणून ओरडले. ते शांतपणे म्हणाले, "प्लॅनिंग, झाकण बोलत नाही. म्हणून त्याच्यावर आळ घेणं सोपं असतं." आणि आधी गेज तपासायला पाठवला. तो कोणाच्या तरी हातून पडून वाकला होता. पडल्याचं कोणी सांगितलं नव्हतं, एवढंच. झाकणं धडधाकट होती.

त्यानंतर मॅनेजर त्यांना सर म्हणायला लागला. त्यालाही ते 'पोचलं' म्हणाले असतील.

फुटबॉलचं वेड त्यांना खडकीपासूनचं. तिथल्या मैदानावर अनवाणी खेळत मोठे झालेले, डाव्या बाजूचे बॅक. पुढे पिंपरीत ज्या कारखान्यात होते तिथली टीम निवडायचे. एका पोराला त्यांनी संथ म्हणून काढला, आणि नंतर कळलं की पोरगा रात्रपाळी करून थेट मैदानावर आला होता. ही गोष्ट त्यांनी मला तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा वेगळी. एकदा तो पोरगा गोलकीपर होता, एकदा फॉरवर्ड. पण शेवटी दर वेळी चहा गार होईपर्यंत कप हातात धरून बसायचे, ते मात्र तिन्ही वेळा सारखं.

तर आता गार्गी. माझी एकुलती एक. २०१५ च्या हिवाळ्यात चौदाची होती. आमच्या भागातल्या क्लबांनी मिळून मुलींची एक लीग काढली होती. चाचणीला ढीगभर मुली आल्या. चार टीमच्या चार कोच एका ओळीत बसल्या आणि आळीपाळीने एकेक नाव पुकारून मुली घ्यायला लागल्या. लंगडीला आपण गडी वाटून घ्यायचो ना, अगदी तसं. ह्याला ते ड्राफ्ट म्हणतात. आणि पहिल्या फेरीत पहिलंच नाव पुकारलं ते माझ्या मुलीचं! नऊ नंबरचा शर्ट. गोल मारणारीचा. मी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की शेजारची बाई सरकून बसली.

मग काय, आमचे पाय जमिनीवर कुठले! मी पुण्याला फोन केले, फोटो पाठवले, त्याच संध्याकाळी तिला दुकानात नेऊन झकास नवे स्टडचे बूट घेतले. जुन्यांचे तळ गेलेच होते. आणि नवे बूट घालून पोरगी मैदानात उतरली ती जी आपटायला लागली!

सात मॅच. गोल शून्य. बॉल पायाशी आला की निसटायचा. वळायला गेली की घसरायची. समोर रिकामं गोल असताना तिने मारलेला बॉल कडेला सॉसेज भाजणाऱ्या माणसाच्या टेबलावर गेला. ती चाचणीतली पोरगी गेली कुठे, कोणालाच कळेना. बाहेर उभ्या आई-बापांत दोन-तीन घरं मराठी होती. एका गृहस्थांचं सगळं ज्ञान टीव्हीवरच्या अमेरिकन फुटबॉलचं. ते म्हणाले, "ह्याला ड्राफ्ट बस्ट म्हणतात. पहिल्या फेरीत घेतला आणि वाया गेला." दुसरे म्हणाले, "आपल्याकडे सरळ म्हणतात, फुसका बार." आणि हसले. गार्गी चार हातांवर पाणी पीत होती. त्यांना वाटलं पोरीला मराठी कळत नाही. मराठी बोलत नाही ती, पण मेलीला सगळं कळतं.

गाडीत बसल्यावर म्हणाली, "आई, फुसका बार इज द वन ॲट दिवाळी दॅट डझन्ट गो ऑफ, राइट?"

मी म्हटलं, "कोण म्हणालं तुला?"

"नो वन. जस्ट आस्किंग." आणि खिडकीबाहेर बघत बसली. मी गाडी चालू केली.

लीगचा नियम असा की सीझनच्या मध्यावर प्रत्येक कोचला एक मुलगी परत देऊन राखीव यादीतली दुसरी घेता येते. तिची कोच म्हणजे अतिशय गोड बोलणारी बाई. गोड बोलणाऱ्यांची मला भीतीच वाटते. तिचा ईमेल आला, की येत्या तीन मॅचनंतर 'सगळ्यांच्या हिताचा' निर्णय घेऊ. नवरा म्हणाला, "होऊ दे गं, खेळच आहे." खेळच आहे! जी मुलगी इथे आल्यावर वर्षभर शाळेत कोणाशी बोलत नव्हती, तिला ह्या खेळाने बोलतं केलं होतं. तिच्या सगळ्या मैत्रिणी मैदानावरच्या. पहिली म्हणून उचललेली पोर सगळ्यांसमोर परत दिली, तर ती पुन्हा खोलीचं दार लावून बसेल, ह्या विचाराने माझी झोप उडाली होती.

आणि दुसरीही एक भीती होती, ती मी नवऱ्यालाही सांगितली नव्हती. मलाच वाटायला लागलं होतं की ते लोक खरं बोलतायत. चाचणीला हिची उंची जास्त, समोर बुटक्या मुली, म्हणून दिसली असेल उठून. मुळात नसेलच काही. आईनेच असा विचार करावा! पण केला, खोटं कशाला बोलू.

सोमवारी मी क्वालिटीच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. "शनिवारी मैदानावर या. गार्गीला बघा. आणि मला एका शब्दात सांगा, आहे का नाही तिच्यात."

"येतो," ते म्हणाले. "सांगणार नाही."

"मग येताय कशाला?"

"बघायला."

मी फाइल आपटून निघून आले. पण शनिवारी ते आले. घडीचं स्टूल, डोक्यावर माकडटोपी, पायात जॅन्डल्स. चिखलात! आणि मॅच सुरू झाल्यावर मी बघते तर हा माणूस बॉलकडे बघतच नव्हता. बॉल ह्या टोकाला, ह्यांची नजर त्या टोकाला उभ्या गार्गीवर. चेहऱ्यावरही नाही, गुडघ्याच्या खाली. मध्येच डोळे मिटून नुसतं ऐकत बसायचे. लोक गोल झाला म्हणून ओरडले तर दचकले आणि मला विचारलं, "कोणी कोणाला मारला?"

संपल्यावर मी विचारलं, "काय?"

"होल्ड."

दुसऱ्या शनिवारी पुन्हा तेच. होल्ड. मी म्हटलं, "काका, तुमचा होल्ड घाला चुलीत! माझी पोर रडतेय घरी." तर म्हणाले, "रडताना चालते कशी?" मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. गुरुवारी बसून मी कोचला ईमेल लिहिला, की अभ्यासाच्या कारणाने आम्हीच गार्गीला काढून घेतोय. कोणी बाहेर काढण्याआधी आपणच निघावं, म्हणजे निदान लाज राहते. पाठवला नाही. शनिवारची मॅच झाली की पाठवायचा असं ठरवून ठेवला.

तिसऱ्या शनिवारी पहिल्या अर्ध्यात गार्गी चार वेळा पडली. चौथ्यांदा पडली तेव्हा उठायलाच तिने वेळ लावला, तशीच चिखलात बसून राहिली. हाफटाइमची शिट्टी झाली. तेवढ्यात हे स्टुलावरून उठले, थेट गार्गीपाशी गेले आणि खाली बसले. चिखलात, गुडघ्यांवर. अंगठ्याने तिच्या बुटाचं टोक दाबलं. मग दुसऱ्याचं. मग तिला म्हणाले, "नऊ नंबर, काढ बूट."

तिने बूट काढले. आत मोज्यांचे दोन जोड. हे हात घालून बुटाच्या टोकातून काहीतरी ओढायला लागले. निघालं काय, तर माझ्याच स्वयंपाकघरातलं पुसायचं फडकं, निळ्या चौकडीचं, घडी करून कोंबलेलं. दुसऱ्यातूनही निघालं.

"किती मोठे घेतलेत?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"दीड साइझ," मी म्हटलं. "वाढतं वय आहे, म्हटलं दोन सीझन तरी..." आणि त्यांच्या हातातल्या फडक्याकडे बघितलं.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे कोणी मुलांना मापाचं घेतं का? माझा शाळेचा फ्रॉक दुसरीत घेतलेला चौथीपर्यंत पुरला. आईने घेतलेल्या चपला माझ्या आधी मैलभर पुढे चालायच्या. वाढत्या अंगाचं घ्यायचं हे आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यायलोय. दुकानातला पोरगा दोनदा म्हणाला होता, की हे मोठे होतील. मला वाटलं, ह्या लोकांना काय कळतंय, दर वर्षी नवीन घेणारे. घरी आल्यावर मीच फडकं कोंबून दिलं होतं आणि आठवड्यात विसरूनही गेले होते. चाचणीला ती जुन्या बुटांत खेळली होती, तळ गेलेल्या पण मापाच्या. हे एवढं साधं माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. कोचच्याही नाही, कोणाच्याच नाही. सगळे पोरीलाच मापत बसलो.

"खडकीला थोरल्या भावाचे बूट चिंध्या कोंबून घालायचो आम्ही," ते म्हणाले. "पाय आधी वळतो, बूट मागून वळतो. पहिल्या दिवशी बुटाच्या आवाजावरून शंका आली. पण चिखलाचा आवाज असेल म्हटलं. आज मैदान सुकं आहे त्या कोपऱ्यात, तिथेही तोच आवाज."

मी गार्गीला म्हटलं, "अगं, बोलायचं नाहीस का एकदा तरी?"

ती मान खाली घालून म्हणाली, "यू वर सो हॅपी, आई. यू टोल्ड एव्हरीवन इन पुणे."

राखीव बसलेल्या एका माओरी मुलीने पटकन आपले बूट काढून दिले. गुलाबी, एका बाजूने फाटलेले. "स्वीट ॲज," म्हणजे काही हरकत नाही, घे, असं म्हणून ती मोज्यांवरच कोचच्या बाजूला जाऊन बसली. माप बरोबर बसलं. दुसऱ्या अर्ध्याची पहिली दहा मिनिटं गार्गी चाचपडतच होती. मोठ्या बुटांत खेळायची सवय अंगात मुरली होती, प्रत्येक पाऊल उगाच उचलून टाकत होती. मी डोळ्यांवर हात घेतलेले. मग एक बॉल लांबून उंच आला आणि तिच्या पायावर असा येऊन टेकला, की मी हात बाजूला केले. ती वळली. पडली नाही! एकीला चकवलं, दुसरीला चकवलं आणि मारला तो वरच्या दांडीवर ठाणकन आपटला. गोल नाही झाला. नंतर एक पास दिला त्यावर दुसरीने गोल केला. गार्गीचा स्वतःचा गोल त्या दिवशीही शून्यच. पण मी जी ओरडत होते ती शेवटपर्यंत ओरडतच होते, आणि मराठीत.

मॅच संपल्यावर कोच आली. म्हणाली, "ही कुठे होती इतके दिवस?" मी सांगायला तोंड उघडलं, पण ती पुढे म्हणाली की गार्गी राहतेय, सीझन संपेपर्यंत आणि त्यानंतरही. मी त्या बाईला मिठीच मारली. गोड बोलणाऱ्यांबद्दल जे काही मनात होतं ते सगळं मागे घेतलं. मग फोन काढून तो ईमेल पुसून टाकला. छातीवर दोन महिने कोणीतरी बसलं होतं, ते उठून गेल्यासारखं वाटलं.

हे गृहस्थ स्टुलाची घडी घालत होते. मी त्यांच्यापुढे हात जोडले. म्हटलं, "काका, आता तरी सांगा. आहे ना हो तिच्यात?"

"चौदा वर्षांची आहे," ते म्हणाले. "तिलाही अजून माहीत नाही. मला कुठून असणार?"

आणि गंमत बघा, त्या उत्तराने मला अजिबात राग आला नाही. उलट केवढं मोकळं वाटलं! आज ठरायलाच नको होतं काही. पुढे दोन वर्षांनी ते हॅमिल्टनला गेले, तिथल्या 'ते रापा' भागातल्या एका दूध कारखान्यात. अजून फोन आला की आधी 'किआ ओरा' आणि मग 'काय प्लॅनिंग'. गार्गी कशी खेळते हे कधी विचारत नाहीत. गार्गी कशी आहे, विचारतात.

पण त्या शनिवारचं सांगायचं राहिलं. गार्गी अनवाणीच आमच्यापाशी आली, घोट्यापर्यंत चिखल, तोंडावर चिखल. मला वाटलं नाचेल, उड्या मारेल. तर ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात तिने विचारलं, "काका, सो... इट वॉझन्ट मी?"

इतके आठवडे ती हाच एक प्रश्न घेऊन झोपत होती आणि मला पत्ता नव्हता.  त्यांनी माझ्याकडे बघितलं, स्टूल काखेत मारलं आणि गाडीकडे चालायला लागले.

"नाही गं बाळा," मी म्हटलं. "तू नव्हतीस. मी होते."

 ती एवढी हसली, एवढी हसली, की हसता हसता रडायला लागली, आणि त्या सगळ्या चिखलासकट माझ्या गळ्यात पडली.